एका आवरणाखाली दोन कामं

भिवंडीच्या निजामपुऱ्यात मटणाच्या दुकानात ‘कपूरा’ मागितला तर कुणी चमकत नाही. गुर्दा-कपूरा आवडीनं खाणाऱ्या वस्तीत बोकडाचं वृषण म्हणजे रोजच्या खरेदीतली वस्तू. तेच वृषण प्राणिशास्त्राच्या वर्गात ट्रेमध्ये ठेवलं की मुलं माना खाली घालतात. प्रात्यक्षिकासाठी मी ते सकाळी, नुकत्याच कापलेल्या जनावराचं घेते. उशीर चालत नाही. या ऊतकातल्या पेशी लवकर बिघडतात.

वरचं टणक पांढरं आवरण, ट्युनिका अल्ब्युजिनिया, ब्लेडनं चिरलं की आतला मऊ गर आपसूक फुगून वर येतो. चिमट्यानं तो उकलायला घ्यावा तर बारीक नळ्या सुटू लागतात आणि सुटतच राहतात, लूमच्या कांडीवरचं सूत सुटावं तशा. माणसाच्या एका वृषणात अशा शुक्रजनक नलिका शेकडो मीटर भरतात. एकेकीची जाडी मात्र मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी.

पुढचं काम धीराचं. नुसतं फॉर्मॅलिन इथे बरं नाही, केंद्रकं नीट टिकत नाहीत. पिक्रिक आम्ल, फॉर्मॅलिन आणि असेटिक आम्ल यांचं पिवळंधमक बुइन्स फ्लुइड वापरायचं. छोटे तुकडे त्यात रात्रभर ठेवायचे. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून पाणी काढायचं, झायलीन द्यायचं, आणि साठेक अंशांवर वितळलेलं मेण आत मुरू द्यायचं. मायक्रोटोमवर पाच मायक्रॉन जाडीचे सेक्शन एकमेकांना चिकटून रिबन निघते. भिवंडीच्या मे महिन्यात ब्लॉक मऊ पडतो, रिबन सुरकुतते. बर्फावर ठेवून ठेवूनच कापावं लागतं. रिबन कोमट पाण्यावर पसरायची आणि अंड्याच्या पांढऱ्याचा पुसट थर दिलेल्या काचपट्टीवर अलगद उचलायची. हिमॅटॉक्सिलिननं केंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिननं बाकीचं गुलाबी.

सूक्ष्मदर्शकाखाली नळ्यांचे गोल काप दिसतात. मी मुलांना कडेपासून मध्याकडे वाचायला सांगते. कडेला शुक्रजनक मूळ पेशी, त्यांच्या आत मोठ्या केंद्रकांच्या, गुणसूत्रांचे धागे दिसणाऱ्या शुक्रपेशिका, मग लहान गोल शुक्राणुपूर्व पेशी, आणि पोकळीकडे शेपट्या वळवलेले शुक्राणू. मधूनमधून फिकट केंद्रकाच्या उंच पेशी उभ्या असतात. एन्रिको सेर्तोलीनं १८६५ मध्ये त्यांचं वर्णन केलं; वाढत्या शुक्रपेशींना पोसणं आणि रक्तापासून वेगळं राखणं हे त्यांचं काम. कडेपासून पोकळीपर्यंतच्या या प्रवासाला माणसात सुमारे ७४ दिवस लागतात. सगळा व्यवहार शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंड जागी चालतो, म्हणून कडक तापानंतर काही आठवडे शुक्राणूंची संख्या घसरू शकते.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती नळ्यांमधली चिंचोळी जागा. विद्यार्थी ती ‘रिकामी’ समजून पुढे सरकतात. मी काचपट्टी मागे घ्यायला लावते. तिथे केशवाहिन्यांना बिलगून लायडिग पेशींचे पुंजके आहेत. १८५० मध्ये फ्रांत्स लायडिगनं दाखवलेल्या या पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात आणि थेट रक्तात सोडतात. नळीतून नाही. म्हणजे शुक्राणू नळीच्या वाटेनं जातात, दाढी-मिशी, आवाज, कामेच्छा सांभाळणारं संप्रेरक रक्ताच्या वाटेनं.

नसबंदीत कापतात ती फक्त शुक्राणूंची वाट, म्हणजे शुक्रवाहिनी. शुक्रवाहिनीच्या सेक्शनमध्ये स्नायूंचा जाड थर आणि इवलीशी पोकळी दिसते. त्या जाडीमुळेच ती त्वचेखाली बोटांना लागते. तिथे छेद दिल्यानं लायडिग पेशींच्या कामात काहीच बदल होत नाही. ‘मर्दानगी जाते’ या भीतीला या काचेवर कुठेही आधार सापडत नाही. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री नसबंदीवर विसंबणाऱ्या विवाहित स्त्रियांचं प्रमाण ३७.९ टक्के आहे आणि पुरुष नसबंदीचं ०.३. स्त्रीचं पोट उघडायचं, पुरुषाच्या त्वचेवरचा छोटासा छेद मात्र टाळायचा, याचा मला राग येतो. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. शंभर वर्षांनंतरही वृषणाचं नाव घेताना आमचा वर्ग कुजबुजतो.

मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग वीर्य आटतं का? नाही. वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा. शुक्राणूंचा वाटा जेमतेम दोन ते पाच टक्के. वृषण शुक्राणू बनवतच राहतं, शरीर ते शोषून घेतं. मात्र छेदाच्या पुढच्या भागात जुने शुक्राणू उरलेले असतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतर तीन महिने दुसरं गर्भनिरोधक वापरायचं आणि मग वीर्यतपासणी करून घ्यायची. त्या तपासणीत शुक्राणू नाहीत असं दिसल्यावरच दुसरं साधन थांबवायचं.