वऱ्हाडचा कापूस, विलायतेचा भाव आणि आपण



वर्तमानपत्र उघडले की मोठमोठे शब्द समोर येतात. सार्वभौमत्व, तेजी-मंदी, मुक्त व्यापार, अन्नसुरक्षा, पर्यावरण. वाचणारा वाचतो, ऐकणारे ऐकतात आणि शेवटी पारावरचा कोणीतरी म्हणतो, "जाऊ द्या ना भाऊ, आपल्याले काय करा लागते जगाचं?"

आमचे नम्र म्हणणे असे, की करावे लागते. हे शब्द नुसत्या पुस्तकातले नाहीत. वाशिम, कारंजा, रिसोडच्या वावरातून ते चालत गेले आहेत, आणि जाताना कुणाचे घर भरून तर कुणाचे रिते करून गेले आहेत. म्हणून व्याख्या पाठ करण्यापेक्षा आपल्याच मुलखाची हकिगत सांगतो. शब्द जिथे येईल तिथे त्याचा अर्थ आपोआप कळेल.

गहाण पडलेला मुलूख

१८५३ सालापर्यंत वऱ्हाड हैदराबादच्या निजामाकडे होते. निजामाच्या नावाने एक फौज होती. तिचे अधिकारी इंग्रज, पगार मात्र निजामाने द्यायचा. पगार थकला, देणे वाढले, आणि गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात निजामाला तह करावा लागला. त्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. मालकी निजामाची, वसुली कंपनीची. आपल्या भाषेत सांगायचे तर सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि पीक दुसऱ्याच्या खळ्यात. देणे हे निमित्त झाले. कंपनीची नजर इथल्या काळ्या जमिनीवर आणि कापसावर होती, असे अनेक इतिहासकार मानतात.

पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये ठरवून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. वाशिम त्या वेळी स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून अकोल्यात घातला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्हा झाला. १८५३ असो की १९०२, इथल्या रयतेला कोणी विचारले नाही.

शेवटचा शब्द कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे सार्वभौमत्व. आणि तो शब्द फक्त तोफेने जातो असे नाही. थकलेल्या देण्यानेही जातो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तेजी कोणाची, मंदी कोणाची

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातल्या कापड गिरण्या तोवर पाऊण हिश्श्याहून अधिक कापूस अमेरिकेतून आणत होत्या, आणि तो पिकवला जात होता गुलामांच्या कष्टावर. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि गिरण्यांचा घास तुटला. तिकडे हजारो कामगार उपाशी बसले, इकडे मुंबईत कापसाचा भाव कित्येक पटींनी चढला.

वऱ्हाडचा कापूस तेव्हा बैलगाड्यांवर आणि बंजारा समाजाच्या लमाणी बैलांवर लादून बाहेर जात असे. पैसा दिसला तसा पेरा वाढला. हाती पैसा खुळखुळला, लग्नकार्ये मोठी झाली, सावकारही उदार झाला. चढत्या भावावर कर्ज द्यायला कोण नाही म्हणतो?

१८६५ च्या वसंतात युद्ध संपले. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येणार, या नुसत्या वार्तेने भाव कोसळला. मुंबईत शेअर बाजार बुडाला; प्रेमचंद रायचंदांसारखा बडा असामीही त्यात सापडला. शहरातले दिवाळे इतिहासात नोंदले गेले. खेड्यातले दिवाळे सावकाराच्या वहीत राहिले. भाव खाली आला तरी घेतलेले कर्ज खाली येत नाही, बरं का. पुणे-नगर भागात याच सुमाराला साचलेल्या कर्जाचा, आणि त्यात वाढलेल्या शेतसाऱ्याचा, भडका १८७५ मध्ये उडाला. सुपे गावापासून शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळायला सुरुवात केली.

तेव्हा तेजी-मंदी म्हणजे काय? ज्या भावावर आपले घर चालते, तो भाव आपण पाहिलेल्या नसलेल्या गावी ठरणे. आज कापसाच्या जागी आपल्याकडे सोयाबीन आले आहे. त्याचा भाव ब्राझील-अर्जेंटिनाच्या पिकावर आणि बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावर किती कर लावला यावर हलतो. उसाची एफआरपी दिल्लीत ठरते. गाव बदलले, रीत तीच.

रेल्वे आली, धान्य गेले

१८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावची शाखा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाली. पुढे १९०३ च्या सुमारास मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी छोटी गाडी आली, तीच आपली 'शकुंतला'. आता ती थांबली असली तरी कारंजाच्या जुन्या माणसांना तिची शिट्टी आठवते. या सगळ्या रुळांचे तोंड एकाच दिशेला होते: कापूस मुंबईला, मुंबईहून विलायतेला.

रेल्वेने सोय झाली हे खोटे नाही. पण लमाणी बैलांचे तांडे बसले; पिढ्यान् पिढ्या मीठ, धान्य, कापूस वाहणाऱ्या समाजाचा धंदा तुटला. मानोरा तालुक्यात पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांच्या दर्शनाला आज जो समाज लाखोंनी येतो, त्याच्या स्थलांतराच्या कथेत हे पानही आहे. शिवाय कापसासाठी चराऊ आणि पडीक जमिनी नांगराखाली आल्या. गुरांचा चारा कमी झाला आणि कुरणाबरोबर गावाचा सामाईक आधारही गेला.

मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले. वऱ्हाडात दुष्काळ पडत नाही, असा तोवर समज होता. पाऊस हुकला तेव्हा कापूस गेला, ज्वारी गेली आणि मजुरीही गेली. रेल्वेने धान्य आणता येत होते, पण ते विकत घ्यायला गरिबाच्या कनवटीला पैसा नव्हता. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, भाव आपोआप जागेवर येतो, हे तेव्हाचे राजमान्य मत. यालाच मुक्त व्यापार म्हणत. बाजार मोकळा होता, पण मोकळ्या हाताने बाजारात जाऊन काय उपयोग?

अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट सिद्धान्त म्हणून मांडली: भूकबळी नुसते धान्य नसल्याने पडत नाहीत, धान्य मिळवण्याचा हक्क हातून गेला की पडतात. महाराष्ट्राने हा धडा १९७२ च्या दुष्काळात गिरवला. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागणाऱ्याला काम देणे सरकारवर बंधनकारक झाले.

पाणी कोणाच्या मालकीचे?

आपला जिल्हा उंचवट्यावर बसला आहे. आपल्या डोंगराच्या एका अंगाचे पाणी काटेपूर्णेतून पूर्णेला, तापीला आणि अरबी समुद्राला जाते; दुसऱ्या अंगाचे अडाण, अरुणावती, पूस यांच्या वाटेने पैनगंगेला, गोदावरीला आणि बंगालच्या उपसागराला. आपण माथ्यावरचे लोक. वरून वाहून येणारे पाणी आपल्या नशिबी नाही. पडेल तेवढेच आपले.

आता थोडे अप्रिय बोलतो. साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहावे का, असे कोणी म्हणेल. आम्हाला वाटते, इथेच लिहावे. ऊस बारा महिने आणि त्याहूनही जास्त दिवस वावरात उभा राहतो आणि उन्हाळ्यात सगळ्यांची तहान लागते तेव्हाच पाणी मागतो. बोअर माझ्या बांधात असले, तरी त्यात येणारे पाणी शेजाऱ्याच्या जमिनीखालूनच येते. पर्यावरण हा शब्द कुठे दूरच्या जंगलाचा नाही. तो आपल्या विहिरीच्या तळाचा आहे.

पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम सोपे होते. पाणी जमिनीच्या एकरावर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचे. भूमिहीनालाही वाटा. आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही. आम्ही म्हणत नाही की उद्यापासून ऊस सोडा. तसे म्हटले तर गाळप कशाचे करणार? पण विहिरीत मे महिन्यात किती हात पाणी असते ते न मोजता उसाची नोंद देणे, म्हणजे १८६४ च्या भावावर १८६६ चे कर्ज काढणे होय. ठिबक, पाचट न जाळता आच्छादन, आणि जेवढे पाणी तेवढीच लागण, एवढे तरी आपल्या हातात आहे.

उत्तरही लँकेशायरमधूनच आले

गंमत पाहा. ज्या लँकेशायरने आपला कापूस ओढून नेला, त्याच परगण्यातल्या रॉचडेल गावी १८४४ साली २८ जणांनी, बहुतेक विणकर आणि कारागीर, थोडे थोडे पैसे जमवून दुकान काढले होते. पीठ, साखर, लोणी भेसळ न करता आणि चोख मापाने विकायचे, नफा खरेदीच्या प्रमाणात वाटायचा, आणि भांडवल कितीही असो, माणशी मत एकच. आधुनिक सहकाराची घडी तिथे बसली. हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली झाला. आणि १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला. पिकवणाराच मालक, ही कल्पना महाराष्ट्रात उसाच्या मळीबरोबर रुजली.

पण मघाची गोष्ट आठवा. महाराष्ट्रात कर्जात बुडालेले कितीतरी सहकारी कारखाने बँकांनी ताब्यात घेतले, विकले किंवा भाड्याने दिले. कालपर्यंतचे मालक, म्हणजे सभासद, गेटबाहेर उभे राहिले. १८५३ चाच तह, फक्त फौजेच्या पगाराऐवजी बँकेचे हप्ते. शेअरचा दाखला पेटीत आणि शेवटचा शब्द दुसऱ्याचा.

म्हणून वार्षिक सभेला या. जेवण आहे म्हणून नव्हे, अहवाल वाचून या. कर्ज किती, व्याज किती, साखरेचा उतारा किती, उसाचे देणे किती दिवसांत दिले, हे चार आकडे उभे राहून विचारा. पाटलांनी विचारावे आणि बाकीच्यांनी हात वर करावेत, ही जुनी रीत सोडा. ज्या ताईंच्या नावावर शेअर आहे, त्यांनी सहीपुरते न येता बोलायलाही यावे. आणि घरी येत्या हंगामाची आखणी करताना एवढे पाहा, की सगळे वावर एकाच भावावर टांगलेले नसावे. थोडी ज्वारी, थोडी तूर, गुरांना वैरण असावी.

भाव शिकागोत ठरेल, कायदा दिल्लीत होईल, पाऊस तर कोणाचेच ऐकत नाही. पण किती पेरायचे, किती उपसायचे आणि कोणत्या कागदावर सही करायची, हे अजून आपल्याच हातात आहे.

– संपादक मंडळ