घरात मांजर असेल तर कुंडीत काय लावावे?

पावसाने ओढ दिली की कोवळ्या ज्वारीत जनावर शिरू द्यायचे नाही, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असते. पाण्याचा ताण बसलेल्या गुडघाभर धाटात सायनाइडचे विष वाढते आणि धडधाकट बैल पाहता पाहता आडवा होतो. लाल कंधारी किंवा देवणीच्या जोडीला आपण एवढे जपतो. पण रात्रभर जागून आपले धान्य राखणाऱ्या मांजराच्या तोंडी काय जाते, इकडे सहसा कोणाचे लक्ष नसते.

आमच्या घरी हा धडा फार महाग पडला. नांदेडला भाचीचा साखरपुडा होता. परतताना माझ्या मुलीने मंडपातला मोठ्या पांढऱ्या लिलीचा गुच्छ हौसेने घरी आणला आणि तांब्यात पाणी घालून देवघराजवळ ठेवला. रात्री मनीने त्याची दोन पाने कुरतडली. सकाळी ती ओकली. "उंदीर बाधला असंल, पडंल ठीक," असे माय म्हणाली. आम्हीही कामाला लागलो. तिसऱ्या दिवशी मनीने पाणीही सोडले, तेव्हा तिला टोपलीत घालून तालुक्याला नेले.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात लिलीची फुलं होती का?"

"होती की. पण फुलानं कधी कुणी मेलंय का, डॉक्टरसाहेब?" माय म्हणाली.

"माणूस नाही मरत, आजी. मांजर मरतं. पहिल्याच दिवशी आणलं असतं तर काही करता आलं असतं."

मनी चौथ्या दिवशी गेली. त्या पावसाळ्यात बळदातल्या ज्वारीत उंदरांचा सुळसुळाट झाला आणि हरभऱ्याची पोती खालून पोखरली गेली. तेव्हा तिची किंमत घरातल्या सगळ्यांना कळली.

मांजर पाला का खाते?

मांजर मांसाहारी, तरी ते अधूनमधून हरळी खाते, हे आपण अंगणात पाहतोच. पिलांना तर हलणारे प्रत्येक पान खेळणे वाटते. शिवाय मांजर अंग चाटून स्वच्छ करते, त्यामुळे केसांवर पडलेले परागही पोटात जातात. त्यात मांजराचे यकृत काही विषे आणि औषधे पचवण्यात फार कमकुवत असते. माणसाला चालणारी तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, ती कधीही देऊ नये.

कडू ते टिकते

आपला मुलूख पाण्याला महाग. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते दिवस कोणी विसरलेले नाही. म्हणून आपण दारात अशीच झाडे लावतो, जी कमी पाण्यावर जगतात आणि ज्यांना शेळी तोंड लावत नाही. पण शेळी तोंड का लावत नाही, याचा विचार करावा. अशी बरीच झाडे कडवट चिकाने आणि विषाने स्वतःचे रक्षण करतात.

कण्हेर हे त्यातले पहिले नाव. महादेवाला वाहतो ती पांढरी, तांबडी कण्हेर आणि पिवळ्या फुलांची बिट्टी, दोन्हींचे विष थेट हृदयावर जाते. महामार्गाच्या दुभाजकावर कण्हेर शोभते. गोठ्याजवळ आणि ओसरीत ती नको. छाटलेली कण्हेर वाळली तरी विष तसेच राहते, उलट कडूपणा कमी झाल्याने जनावर ती कडब्याबरोबर खाऊन टाकते. छाटणी जाळू नये, धूरही बाधतो. खड्ड्यात पुरावी. पानफुटीचे विषही हृदयावरच जाते. कुंपणावर चढणारी कळलावी मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. सदाफुलीपासून कर्करोगावरची औषधे निघतात, म्हणजेच तिच्यात जोरकस द्रव्ये आहेत. तीही मांजराच्या वाटेत नको.

शहरातून आलेल्या कुंड्या

हल्ली लातूरला शिकवणीला राहिलेली मुले सुटीत येताना एखादी कुंडी घेऊन येतात. मनीप्लँट आणि मोठ्या ठिपकेदार पानांचा डिफेनबेकिया त्यात हमखास असतो. कच्चे अळू खाल्ल्यावर घसा खवखवतो ना, त्याच जातीचे सुईसारखे स्फटिक या पानांत असतात. मांजराच्या तोंडाला लाळ सुटते, जीभ सुजते. जीव सहसा जात नाही, हाल मात्र होतात. स्नेकप्लँटने उलट्या होतात. कोरफडीच्या सालीखालच्या पिवळ्या चिकाने जुलाब लागतात.

सायकस मात्र घरात आणूच नये. त्याला लोक पाम म्हणतात, पण तो खरा पाम नव्हे. त्याचे सर्व भाग विषारी, बी सर्वांत जास्त, आणि ते यकृत निकामी करते. अरेका पाम वेगळा आणि निर्धोक आहे. रोपवाटिकेत नुसते 'पाम द्या' म्हणू नये, नाव नीट विचारून घ्यावे.

लिलीचे तर नावच काढू नये. मोठ्या कर्ण्यासारख्या फुलांची खरी लिली आणि बागेतली डे-लिली यांचे पान, पाकळी, पराग, इतकेच काय फुलदाणीतले पाणीही मांजराची मूत्रपिंडे बंद पाडते. अठरा तासांच्या आत सलाईन सुरू झाले तर वाचण्याची आशा असते, पुढे ती झपाट्याने कमी होते.

मग लावावे तरी काय?

लावण्यासारखे पुष्कळ आहे. तुळस तर दारात असतेच. मोगरा, जाई, जुई आणि गुलाब खुशाल लावावेत. पावसाळ्यात तेरडा आणि झिनिया अंगण भरून टाकतात. घरातल्या सावलीत अरेका पाम, नेचा किंवा लांब पट्टेदार पानांचा स्पायडर प्लँट ठेवावा. यांनी मांजराला विष होत नाही. फार खाल्ले तर एखादी उलटी होईल, एवढेच.

मांजरासाठी एक वेगळी कुंडीही करावी. फुटक्या माठाच्या तळाशी माती घालून मूठभर गहू पेरावा. आठवडाभरात हिरवे पाते येते. मांजर ते आवडीने खाते आणि इतर कुंड्यांकडे कमी वळते. येथे ज्वारी मात्र पेरू नये. कारण वर सांगितलेच आहे.

कुंडीत झाडाइतकेच मातीतले औषधही पाहावे. फोरेटच्या, म्हणजे थायमेटच्या दाण्यांवर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे, तरी एखादी जुनी पुडी माळ्यावर पडलेली असते. ती कुंडीत मुळीच टाकू नये. घरात मांजर असेल तर उंदरांचे विषही ठेवू नये, कारण विष खाल्लेला उंदीर मांजराच्या पोटात जातो.

बाधा झालीच तर

तोंडातला पाला काढावा, स्वच्छ पाणी ठेवावे. पराग अंगावर असतील तर ओल्या फडक्याने पुसावेत. मिठाचे पाणी किंवा तेल पाजून ओकवण्याच्या फंदात पडू नये, ते श्वासनळीत जाते. खाल्लेल्या झाडाची फांदी पिशवीत घालून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी, म्हणजे डॉक्टरांचा वेळ वाचतो. पशुसेवेसाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. उदगीरला आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. 'सकाळी पाहू' असे म्हणू नये.

आमच्या ढाळजेत आता मोगऱ्याची कुंडी आहे, शेजारी गव्हाचा माठ आहे. नवी मनी दुपारी त्या माठाला टेकून झोपते आणि रात्री बळदापाशी बसते. परवा पाहुण्यांनी फुलांचा गुच्छ आणला, तर माय उंबऱ्यातच म्हणाली, "आधी सांगा, यात लिली तर नाही ना?"