दुर्बीण निवडताना

आकाशदर्शनासाठी दुर्बीण घेताना ती प्रतिमा किती पटींनी मोठी करते, हे नवशिका प्रथम विचारतो. खरे महत्त्व मात्र भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासाला असते; व्यास जितका मोठा, तितका अधिक प्रकाश गोळा होतो. त्याखालोखाल महत्त्व बैठकीचे. विषुववृत्तीय बैठकीचा अक्ष ध्रुवताऱ्याच्या रोखाने लावावा लागतो. तंजावर सुमारे ११ उत्तर अक्षांशावर असल्याने तेथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम ११ अंश उंच असतो आणि माडांच्या व घरांच्या आड सहज लपतो. म्हणून अशा ठिकाणी नवशिक्याने जॉन डॉब्सन यांनी प्रचारात आणलेली, वरखाली व आडवी फिरणारी साधी लाकडी बैठक पसंत करावी. तिच्यावर बसविलेल्या १५० मिलिमीटर व्यासाच्या आरशाच्या दुर्बिणीतून चंद्रावरील विवरे आणि गुरूवरील पट्टे उत्तम दिसतात.