कडब्यानं राखलेली ज्वारी

जानेवारीत मंगळवेढ्याच्या काळ्या रानात गेलात, तर ज्वारीच्या शेताला पिवळी-केशरी किनार दिसते. ती करडई. तिची काटेरी ओळ असली की मोकाट जनावरं आत शिरत नाहीत. फुलांवर मधमाश्या असतात, बियांतून घरापुरतं तेल निघतं. मधल्या तासांत कुठं हरभरा, कुठं जवस. ज्वारीचं म्हणून जे शेत आपण ओळखतो, त्यात ज्वारी अनेकदा एकटी नसते.

गेल्या हंगामात अशाच एका शेतावर हुरड्याला गेले होते. आगटीतल्या गोवऱ्यांच्या आरात भाजलेलं कणीस शेतकरीकाकांनी तळहातावर चोळलं, भूस फुंकून हिरवे दाणे माझ्या हातावर ठेवले. हा हुरडा गूळभेंडीचा. शेजारी होती कुचकुची, पलीकडे भाकरीची मालदांडी. "एवढ्या कष्टाची ज्वारी अजून का पेरता?" मी विचारलं. काका म्हणाले, "कडब्यासाठी, ताई. दाण्याचं काय, रेशनवर गहू-तांदूळ मिळतोयच की."

त्या उत्तरानं मी हलले. आपल्या आजीच्या भाकरीचं वाण आज टिकून आहे ते बऱ्याच अंशी गुरांमुळे. मालदांडीचा कडबा गोड, जनावरं आवडीनं खातात. पण बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले आणि गाईंपुढे मक्याचा मुरघास आला, तर हा आधारही जाईल. खिलार बैल, त्यांचं शेणखत, कडेची करडई, कणसांवर उतरणारी पाखरं हे सगळं एकात एक गुंतलेलं आहे. यातलं एक सुटलं की बाकीचंही सुटत जातं.

या ज्वारीची खरी करामत जमिनीत आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि पुढं पावसाची फारशी आशा न धरता, काळ्या मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर चार महिने काढायचे. माती वाळली की भेगा पडतात, त्या कोळप्यानं बुजवायच्या. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुने शेतकरी म्हणतात ते यासाठीच. पाऊस बेभरवशाचा झाला असताना हा काटकपणा किती मोलाचा! खोडमाशीला तोंड देण्याचा गुणही अशा रब्बी वाणांत शास्त्रज्ञांना सापडतो. शीतपेटीतल्या बियाणे बँकेत वाण जिवंत राहतं, पण शेतात पेरलेलं वाण दरवर्षी नव्या हवामानाशी जुळवून घेत असतं. ते काम पेटीत होत नाही.

मग ज्वारी मागं का पडली? शेतकऱ्याला दोष देऊ नका. मालदांडी हातानं उपटून काढावी लागते आणि त्या कामाला मजूर मिळत नाहीत. उजनी धरणाचं पाणी पोचलं तिथं ऊस आला. खरिपातली हायब्रीड ज्वारी पावसात भिजून काळी पडायची, तिनं ज्वारीचं नावच खराब केलं. आणि शहरात भाकरीची जागा चपातीनं घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१९च्या अहवालानुसार जगात सुमारे ६,००० वनस्पती अन्नासाठी लावल्या जातात, पण एकूण पिकांच्या उत्पादनात ६६ टक्के वाटा फक्त नऊ पिकांचा आहे. त्या नवांत ज्वारी नाही.

तरीही देशी वाणं जपणारी माणसं आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणी मडक्यांत, राखेत जपली, शेजारणींना वाटली. २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. एवढं मोठं काम आपल्या हातून होणार नाही. पण मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याला अर्थ येतो तो कुणी नाव घेऊन मागितली तरच. दुकानात नुसती 'ज्वारी द्या' म्हणू नका, 'मंगळवेढ्याची मालदांडी आहे का' असं विचारा. आठवड्यातून चार वेळा तरी भाकरी करा. मुलांना गरम भाकरीवर करडईचं तेल आणि चटणी द्या.

नवी ज्वारी मार्च-एप्रिलात बाजारात येते. जमलं तर तेव्हा थेट शेतकऱ्याकडून वर्षाची भरून ठेवा.