गोल कणांचा मोह

जुलै १८१९. पॅरिसच्या आकाशात एक ठळक धूमकेतू होता. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रांस्वा अरागोने एकाच्या दोन प्रतिमा दाखवणारा स्फटिक दुर्बिणीला जोडला आणि शेपटी पाहिली. एक प्रतिमा उजळ, दुसरी किंचित मंद. हा आपल्याच हवेचा खेळ नसेल ना? म्हणून त्याने जवळपास तेवढ्याच उंचीवरचा ब्रह्महृदय तारा पाहिला. त्याच्या दोन्ही प्रतिमा सारख्याच निघाल्या. म्हणजे धूमकेतूच्या प्रकाशाचे ध्रुवीकरण झाले होते: त्याची कंपने एका दिशेत जास्त होती. त्यातला काही भाग तरी सूर्याचा होता आणि कशावर तरी विखुरला जाऊन इकडे आला होता.

हे ‘कशावर तरी’ म्हणजे नेमके काय, याचा शोध अजून चालू आहे.

सूर्य, धूमकेतू आणि पृथ्वी यांच्यातला कोन बदलतो तसे ध्रुवीकरणही बदलते. साधारण २२ अंशांच्या आत ते उलट्या दिशेचे, म्हणजे ऋण असते, तेही जेमतेम दीड-दोन टक्के. पुढे ते धन होते आणि ९०-१०० अंशांच्या आसपास कमाल गाठते: काही धूमकेतूंत १०-१५ टक्के, तर काहींत २५ च्या वर. धुळीचे कोणतेही मॉडेल मांडा, त्याला ही वक्ररेषा काढून दाखवावीच लागते.

१९०८ मध्ये गुस्टाव मी या जर्मन शास्त्रज्ञाने गोल कणाचा प्रश्न पुरता सोडवला. त्याला धूमकेतूंशी कर्तव्य नव्हते. द्रावणात तरंगणाऱ्या सोन्याच्या कणांचे रंग समजून घ्यायचे होते. कणाचा आकार, प्रकाशाची तरंगलांबी आणि अपवर्तनांक एवढे दिले की उत्तर तयार. एवढी सोय असल्यावर मोह कोणाला आवरणार? हॅली धूमकेतूच्या १९८६ च्या भेटीनंतर गोल कण घेऊन ध्रुवीकरण जुळवलेही गेले. पण त्यातून अपवर्तनांक निघाला १.४ च्या आसपास, आणि धुळीत अपेक्षित असलेल्या सिलिकेट खनिजांचा असतो १.६ च्या पुढे. माझ्या मते तो आकडा दगडापेक्षा पोकळीबद्दलच जास्त सांगत होता. भरीव गोल धरलेल्या कणात बरीचशी जागा रिकामी होती.

वेड्यावाकड्या कणाला असे आयते सूत्र नाही. १९७३ मध्ये एडवर्ड पर्सेल आणि कार्ल्टन पेनीपॅकर यांनी वाट काढली. कण असंख्य बिंदूंत तोडायचा, प्रत्येक बिंदू एक विद्युत द्विध्रुव मानायचा आणि प्रत्येकाचा इतर सगळ्यांवर होणारा परिणाम मोजायचा. हिशोब बराच अचूक, पण महागडा: कणाची लांबी, रुंदी, उंची दुप्पट झाली की बिंदू आठपट होतात.

संगणक तोकडे होते तेव्हा काहींनी दुसरी युक्ती केली, आणि मला ती फार आवडते. कणाचा आकार आणि तरंगलांबी यांचे गुणोत्तर राखले, अपवर्तनांकही तोच ठेवला, तर विखुरण्याची रीत बदलत नाही. अर्ध्या मायक्रॉनच्या प्रकाशात एक मायक्रॉनचा कण जे करतो, तेच एक सेंटिमीटरच्या लहरीत दोन सेंटिमीटरचा पुतळा करतो. जर्मनीत बोखुमला आणि अमेरिकेत फ्लोरिडात असे पुतळे घडवून त्यांच्यावर सूक्ष्मलहरी सोडल्या गेल्या. डोळ्यांना न दिसणारा कण तिथे हातात धरता येत होता.

पुढे गणित वळले गुठळ्यांकडे: ०.१ मायक्रॉनचे शेकडो दाणे एकमेकांना जेमतेम चिकटलेले, पाक कमी पडलेल्या बुंदीच्या लाडवासारखे. अशा गुठळीत ऋण बाजू आणि गुळगुळीत धन कमाल दोन्ही आपोआप उगवतात. आसाममध्ये सिलचरच्या विद्यापीठात अशा गणितांसाठी सॉफ्टवेअरही तयार झाले. तिथल्या अभ्यासकांनी धूमकेतू न्याहाळले ते पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या जुन्नरजवळच्या गिरवली वेधशाळेतून. आयुकात बनलेले ध्रुवणमापक अरागोच्याच तत्त्वावर चालते: लोलकातून दोन प्रतिमा आणि त्यांच्या तेजातला फरक. फक्त डोळ्याच्या जागी सीसीडी कॅमेरा आला.

मग रोझेटा यान ६७पी धूमकेतूपाशी पोचले आणि २०१४ ते २०१६ त्याच्यासोबत राहिले. यानावरच्या अतिसूक्ष्म सुईने कण चाचपले, तेव्हा दाण्यांची गुठळी आणि गुठळ्यांची आणखी मोठी गुठळी अशी रचना आढळली. गुठळीवाल्यांची सरशी झाली म्हणायची. पण यानाच्या कॅमेऱ्याने धुळीचे तेज वेगवेगळ्या कोनांतून मोजले, तर १०० अंशांच्या आसपास खोलगट आणि दोन्ही टोकांना चढ! यावर २०१८ मध्ये दोन उत्तरे आली. एका गटाने लांबट, एकाच दिशेला वळलेले मोठे कण सुचवले. दुसऱ्याने ५ ते १०० मायक्रॉनच्या गुठळ्या. दोन्ही जुळतात. रेषा जुळली म्हणजे धूळ सापडली, असे म्हणणाऱ्यांनी हे दोन लेख शेजारी ठेवून वाचावेत.

एकाच रेषेला अनेक कण जुळत असतील, तर अधिक रेषा हव्यात: तेज, रंग, ध्रुवीकरण, सगळे एकाच धूमकेतूचे आणि शक्य तितक्या कोनांतून. पृथ्वीवरून त्याला महिने लागतात, आणि तोवर धूमकेतूची धूळही बदललेली असते. २०२५ मध्ये सूर्यमालेबाहेरून आलेल्या ३आय/ॲटलास धूमकेतूची ऋण बाजू अडीच टक्क्यांहून खोल निघाली; इतकी खोल आणि त्याच वेळी इतकी अरुंद ऋण बाजू आधी कोणत्याच धूमकेतूत दिसली नव्हती. युरोपच्या नियोजित ‘कॉमेट इंटरसेप्टर’ मोहिमेतल्या एका छोट्या यानावर ध्रुवीकरण टिपणारा कॅमेरा बसवला जात आहे. धुळीतून आरपार जाताना तो एकाच धूमकेतूचे अनेक कोन काही तासांत टिपेल.