बोटीचा ‘सेलड्राइव्ह’: गंजाचं औषध वेगळं, शेवाळाचं वेगळं आणि दोघांचं पटत नाही!

जुना स्टोरेज गीझर सर्व्हिसिंगला उघडला की मेकॅनिक कधी कधी एक झिजलेली, खडबडीत कांडी बाहेर काढतो. ती मॅग्नेशियमची असते. टाकीऐवजी आपण झिजायचं, एवढंच तिचं काम. अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही, पण बोअरच्या पाण्यावर गीझर चालवणाऱ्या अनेकांनी ही कांडी पाहिली असेल. समुद्रातल्या शिडाच्या बोटीचा ड्राइव्हही याच युक्तीवर टिकतो. फक्त तिथे एक जास्तीचा शत्रू असतो.

सेलड्राइव्ह म्हणजे काय?

वारा पडला किंवा बंदरात शिरायचं असलं, की शिडाच्या बोटीलाही इंजिन लागतं. अनेक बोटींत इंजिन आत असतं आणि त्याच्या गिअरबॉक्सचा एक ‘पाय’ तळातून सरळ पाण्यात उतरतो. पायाच्या टोकाला पंखा. हा झाला सेलड्राइव्ह. पाय सहसा अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि बोट पाण्यात आहे तोवर तो २४ तास भिजत राहतो.

पहिला शत्रू: गंज

खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. त्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की चक्क बॅटरी तयार होते. पंखा बहुधा ब्राँझचा, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचा. त्याच्यापुढे अ‍ॅल्युमिनियम जास्त सक्रिय, म्हणून झिजतं ते अ‍ॅल्युमिनियमच. त्यावर उपाय म्हणजे त्याहूनही सक्रिय धातूचा तुकडा पायाला बसवणं. हाच अ‍ॅनोड. पण तो पाणी बघून निवडायचा:

- समुद्र: झिंक, किंवा झिंक-इंडियम मिसळलेलं खास अ‍ॅल्युमिनियम
- खाडी: तेच खास अ‍ॅल्युमिनियम
- मुळा किंवा भंडारदऱ्यासारखं धरणाचं गोडं पाणी: मॅग्नेशियम

गोड्या पाण्यात झिंकवर थर चढतो आणि ते काम करेनासं होतं. उलट मॅग्नेशियम समुद्रात फार झपाट्याने संपतं.

गोव्याच्या मांडवीत हा प्रश्न दर वर्षी उभा राहतो. उन्हाळ्यात तिच्या मुखाकडचं पाणी खारं असतं आणि पावसाळ्यात त्यातला खारेपणा खूपच उतरतो. याच नदीतल्या दिवाडी बेटावर नौदलासाठी ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या शिडाच्या नौका बांधल्या गेल्या. ‘म्हादेई’तून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तर ‘तारिणी’तून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी. असं बदलतं पाणी असेल तर खास अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड सोयीचा.

दुसरा शत्रू: शेवाळ आणि बार्नॅकल

आपल्या उबदार समुद्रात काही आठवड्यांतच शेवाळ आणि कवचवाले बार्नॅकल चिकटतात. पंखा खडबडीत झाला की जोर कमी होतो. पायातलं थंड पाणी ओढणारं भोक बुजलं तर इंजिन तापतं, तेही नेमकं खडकाजवळ गरज असताना.

बोटीच्या तळाला यासाठी तांब्याचा ऑक्साइड असलेला रंग देतात. तोच रंग ‘उरलाय म्हणून’ पायालाही फासला, तर अ‍ॅल्युमिनियमला तांबं खेटलं, म्हणजे पुन्हा बॅटरी!

हे भांडण जुनं आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश जहाजांच्या तळावरच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंडाचे तुकडे जोडले. तांब्याची झीज थांबली खरी, पण जहाजांवर बार्नॅकल माजले. तांबं थोडं थोडं विरघळत होतं म्हणूनच तर जीव दूर राहत होते!

मग करायचं काय?

- पायाला आधी इपॉक्सी प्रायमरचे थर द्या. त्यावर अ‍ॅल्युमिनियमला चालणारा, तांब्याच्या ऑक्साइडविना रंग द्या.
- तळाचा रंग पायापासून दोन-तीन सेंटिमीटर अलीकडेच थांबवा.
- अ‍ॅनोडला रंग अजिबात नको. तो धातूला घट्ट आणि स्वच्छ टेकलेला हवा.
- अ‍ॅनोड निम्मा झिजला की बदला. झिजतोय म्हणजे काम करतोय. वर्षभर नवाकोरा दिसला तर जास्त काळजी करा.
- गिअरचं तेल तपासा. दुधी दिसलं तर आत पाणी शिरलंय. बोट वर काढा.

अ‍ॅनोडचा खर्च नव्या ड्राइव्हपुढे किरकोळ आहे. आणि हो, घरच्या गीझरमधली कांडी शेवटची कधी तपासली होती?