ट्रॅकवरचा पहिला दिवस आणि पाठीमागचे इंजिन

मोटारीचे इंजिन चालकाच्या पाठीमागे, पण मागच्या चाकांच्या आसापुढे बसवले की त्या रचनेला ‘मिड-इंजिन’ म्हणतात. ही रचना शर्यतींतून रस्त्यावर आली. 1958 साली अर्जेंटिनाची ग्रां प्री शर्यत स्टर्लिंग मॉस यांनी अशा कूपर गाडीतून जिंकली, पुढच्याच वर्षी जॅक ब्रॅबहम कूपरमधूनच विश्वविजेते झाले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत फॉर्म्युला वनमधून पुढे इंजिन असलेल्या गाड्या हद्दपार झाल्या. हीच रचना तुलनेने कमी किमतीत हौशी चालकाच्या हाती देणाऱ्या गाड्यांत लोटस एलीसचे स्थान मोठे आहे. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील हेथेल येथे, दुसऱ्या महायुद्धातील एका विमानतळाच्या जागेवर, 1996 पासून ती तयार होऊ लागली. पहिल्या पिढीतील एलीसचे वजन जेमतेम सव्वासातशे किलोंच्या आसपास आणि इंजिन 1.8 लिटरचे, 118 अश्वशक्तीचे होते. ब्रेकला एबीएस नव्हते आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टरही नव्हता.

हेथेलपासून जवळच स्नेटर्टन हा शर्यतीचा ट्रॅक आहे आणि तोही युद्धकालीन विमानतळावरच उभा राहिला आहे. अशा ट्रॅकवर शुल्क भरून स्वतःची गाडी चालवण्याच्या दिवसाला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. ही शर्यत नव्हे. फेरीची वेळ मोजण्यास सहसा मनाई असते, पुढच्या चालकाने वाट दिल्यावर ठरलेल्या जागीच ओलांडता येते, हेल्मेट सक्तीचे असते, आणि गाडीचा आवाज मर्यादेबाहेर असल्यास तिला ट्रॅकवर सोडतच नाहीत.

मिड-इंजिन गाडीचा स्वभाव खऱ्या अर्थाने कळतो तो वळणावर. दोन्ही टोकांना घागरी टांगलेली कावड घेऊन गर्रकन वळणे जड जाते, मात्र तेवढेच ओझे अंगालगत धरले तर सहज वळता येते. त्याचप्रमाणे इंजिनासारखा जड भाग दोन आसांच्या मध्ये असल्यामुळे या गाडीचे जडत्व आघूर्ण, म्हणजे स्वतःभोवती फिरण्यास होणारा विरोध, कमी असतो आणि स्टिअरिंग वळवताच ती आत शिरते. या गुणातच धोकाही दडलेला आहे. एलीसचे साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागच्या चाकांवर असते. वेग जास्त झाल्याचे वळणाच्या मधोमध लक्षात येऊन घाबरलेल्या चालकाने अॅक्सिलरेटरवरून पाय एकदम काढला, तर भार झटक्यात पुढे सरकतो, हलक्या झालेल्या मागच्या टायरांची पकड सुटते आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. गाडी सहज फिरणारी असल्यामुळे हे इतक्या चटकन घडते की ती सावरायला नवख्याजवळ वेळच उरत नाही. म्हणून ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेतच लावणे, वळणात अॅक्सिलरेटर हलका पण स्थिर ठेवणे आणि पाय कमी करायचाच झाला तर हळूहळू कमी करणे, एवढे तीन धडे जरी पहिल्या दिवशी अंगवळणी पडले तरी तो दिवस सार्थकी लागला असे मानावे. गाडी फिरलीच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून ती थांबू द्यावी.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते आणि ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट 4 प्रतीच्या ताज्या तेलासाठी तो किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा मुरलेल्या तेलासाठी मात्र किमान 155 अंशांचीच हमी असते. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पायाखालचे पेडल मऊ होऊन थेट तळाला जाते. त्यामुळे तेल आधीच बदलून घ्यावे, शेवटची फेरी ब्रेक शक्यतो न वापरता सावकाश काढावी, आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक न ओढता ती गिअरमध्ये ठेवावी, कारण तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून राहिल्यास दोहोंचे नुकसान होते. टायर तापले की आतील हवेचा दाब वाढतो, तोही फेऱ्यांनंतर लगेच मोजून कमी करावा लागतो.

पहिल्या दिवशी अधिक ताकदीच्या इंजिनावर किंवा महागड्या टायरांवर पैसा घालण्यापेक्षा शेजारच्या आसनावर बसणाऱ्या प्रशिक्षकाचे शुल्क भरणे केव्हाही श्रेयस्कर. निघण्यापूर्वी विमापत्रही वाचून घ्यावे, कारण रस्त्यासाठी घेतलेला नेहमीचा विमा ट्रॅकवरील नुकसान सहसा भरून देत नाही.